बेहड्याखालचं लाकूड

माझ्या नवऱ्याचं, देवीदासचं, म्हणणं असं की तलावात मासा दिसला तर बाकीचे लोक जाळं शोधतात आणि अंजना विचारते, हा मासा इथं सोडला कुणी? चारचौघांत तो हे सांगतो आणि लोक हसतात. हसू देत. आमच्यासारख्या जागी राहणाऱ्या बाईनं विचारायचं नाही, तर कुणी विचारायचं?

आमची जागा म्हणजे परसटोल्याचं अगदी शेवटचं घर. केशोरीकडून आलं की आधी गाव लागतं, मग तलाव, मग तलावाची पाळ, आणि पाळ उतरून गेलं की जंगलाच्या कडेला आम्ही. देवीदासचा आजा तिथं येऊन राहिला. त्यानं माती तुडवून भिंती घातल्या, सासऱ्यानं छपरावर कवेलू चढवले, आम्ही आंगण वाढवलं. पण सरकारी कागदावर तिथं घर नाही. कागदावर तिथं जंगल आहे. सासू मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, ‘इथं राहाचं तं गुपचूप राहाचं. दिसलं का मोजतेत, मोजलं का उठवतेत.’ बाकी तिनं शिकवलेलं मी बरंच विसरले, हे नाही विसरले.

तर २००८च्या हिवाळ्यात, धान कापून झाले होते तेव्हा, गावात स्कूटीवरून एक पोरगी आली. नाव स्नेहल. गोंदियाची. लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढते म्हणाली. कुठल्याशा संस्थेनं तिला रंग दिले होते आणि गावोगावच्या भिंती रंगवायला पाठवलं होतं. आमच्या समाजमंदिराची लांब भिंत तिला पसंत पडली. तिच्यावर ती म्हणे आख्खं गाव काढणार होती. गावानं सांगायचं, तिनं काढायचं.

सभेत दुधरामजी उठले. त्यांच्या वाडवडिलांनी आमचा तलाव बांधला, आणि ही गोष्ट ते पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. ते म्हणाले, “आमचं गाव आमाले रोज दिसते वो बाई. भित्तीवर कायले पायजे?”

“बाहेरच्या माणसांना दिसावं म्हणून,” स्नेहल म्हणाली.

झालं! माझ्या डोक्यात घंटा वाजली ती तिथंच. बाहेरच्या माणसांना कशाला दिसायला पाहिजे? कोणत्या बाहेरच्या माणसांना?

दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीला चुना मारला आणि वाळल्यावर गेरूनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या. सगळ्या भिंतीवर चौकोन. आणि प्रत्येक चौकोनात लाल आकडा. मी पाण्याची घागर घेऊन चालले होते, ती तशीच खाली ठेवली. वाघांसाठी जंगल राखून गावं उठवायच्या गोष्टी तेव्हा आमच्याकडे रोज कानावर येत होत्या. नवेगावच्या बाजूला म्हणे कुठल्याशा टोल्यात, म्हणजे लहान वस्तीत, माणसं आली, घरांच्या भिंतींवर लाल आकडे टाकून गेली, आणि नंतर ट्रक आले. खरं किती, खोटं किती, कोण जाणे. पण लाल आकडा म्हणजे काय ते परसटोल्यात शेंबड्या पोरालाही कळत होतं.

“चित्र काढाच्या आधी कोनी नंबर टाकते का?” मी बायकांना विचारलं. कुणी टाकत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. स्नेहल जेवायला केशोरीला गेली होती तेवढ्यात आम्ही टोपल्यांनी पांढरी माती आणली, कालवली आणि भिंत सारवून काढली. पोळ्याच्या सणाला घर सारवतो त्यापेक्षा चांगली सारवली. एक आकडा दिसू दिला नाही.

ती परत आली, भिंतीकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत माती होती. मला वाटलं, आता ओरडेल, साहेबाला फोन लावेल. ती फक्त म्हणाली, “छोटं चित्र मोठं करायला चौकोन लागतात ताई. कुठला तुकडा कुठं जाईल ते समजावं म्हणून नंबर. त्यात दुसरं काही नाही.” आणि बादली घेऊन ब्रश धुवायला बसली.

तिनं भांडण केलं असतं तर माझा जीव थोडा खाली बसला असता. ज्याचं काम सरळ असतं तो भांडतो. ही गप्प बसली, म्हणजे हिला वेळ काढायचा आहे, असं मी देवीदासला सांगितलं. तो म्हणाला, “तुले भांडनारीबी नाई चालत, न भांडनारीबी नाई चालत. तं मंग कोन चालते?”

पुन्हा रेघा आल्या, पण आता आकडे नव्हते. एका चौकोनात कोंबडी, एकात मासा, एकात छत्री, एकात खेकडा. पोरं वेडी झाली. शाळा सुटली की भिंतीपुढे जत्रा. आणि पोरांच्या मागून मोठी माणसं. मी पाळीवरून बघत होते, रोज एकेक जण तिच्याकडे जास्त वाकून बोलायला लागला. दुधरामजींना तिनं विचारलं, पाळ कशी घातली, माती कुठून काढली, पाणी सोडायचं भोक कुणी कुठं ठेवलं. झालं, त्यांनी तिच्यासाठी घरून खुर्ची आणवली. स्वतःच्या सुनेला त्यांनी कधी खुर्ची दिलेली मी पाहिली नव्हती.

घरं काढायची तिची एक तऱ्हा होती. आमच्याकडे पत्ता विचारला तर कुणी आडनाव सांगत नाही. दारात काय आहे ते सांगतात. मोडक्या बैलबंडीवाल्याकडून वळा, मग लिंबाखाली घंगाळ आहे ते घर सोडा. तिनं हे पकडलं. प्रत्येक घर सारखंच, मातीचं, लाल कवेलूंचं, पण दारातली वस्तू ज्याची त्याची. दुधरामजींच्या दारात बंडी. यशोदाबाईंच्या दारात तुळशीशेजारी ती उलटी ठेवलेली कढई, जी त्या कुणाला हात लावू देत नाहीत. लोक पोट धरून हसले आणि खूश झाले. आता चहा कुणाकडे प्यायचा यावरून तिच्यासाठी ओढाताण व्हायला लागली. मी मात्र मनात हिशेब करत होते की हिच्याजवळ आता गावातलं प्रत्येक दार जमा झालं आहे, एक सोडून.

ते एक मोजायला ती आलीच. दुपारी, पाळ उतरून, एकटी. दाराशी उभी राहिली, आतल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तिला दिसला, आणि म्हणाली, “जय भीम, ताई.”

म्हणजे आपल्यातलीच निघाली. दुसरी कुणी असती तर हरखली असती. मी जास्तच सावध झाले. परक्याला आपण दारातून परतवतो, आपल्या माणसाला परतवता येत नाही, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असणार.

“जय भीम,” मी म्हटलं. चहाचं विचारलं नाही. पाणी दिलं, कारण पाणी तर दारी आलेल्या ढोरालाही देतो.

ती आंगणातल्या ढेकीवर टेकली. ढेकी म्हणजे धान कांडायचं जुनं साधन. दोन खुंट्यांवर टेकलेला हा एवढा लांब लाकडी दांडा, एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय दाबायचा, की मुसळ वर जातं आणि पाय सोडला की खाली उखळात आदळतं. गिरणी आल्यापासून तिला कुणी विचारत नाही. कोंबड्या बसतात. पण देवीदासच्या आजीनं बसवलेली म्हणून आम्ही उपटली नव्हती. पाय ठेवायच्या जागी लाकूड इतकं झिजलेलं आहे की तिथं आख्खा तळपाय बसतो. स्नेहल त्या खोलगट जागेवरून हात फिरवत राहिली.

“किती जणींचे पाय असतील यावर,” ती म्हणाली.

“सासूचा. सासूच्या सासूचा. अन् माहा बी, नवी होतो तवा,” मी बोलून गेले, आणि लगेच जीभ चावली. हिला कशाला एवढं सांगायचं? “हे पाह्य पोरी, तू कायले आली ते मले समजते. माहं घर भित्तीवर काढाचं नाई.”

“का, ताई?”

“काऊन का म्हंजे? नाई म्हनलं तं नाई.”

तिनं घराकडे पाहिलं, मागच्या जंगलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती शहाणी होती, तिला समजलं. तिला समजलं याचीच मला भीती वाटली. “नाही काढत,” ती म्हणाली.

“घर नाई, आंगन नाई, माह्या दारातलं काई म्हंजे काई नाई. शब्द दे.”

“दिला शब्द.”

शब्द देणाऱ्यांवर माझा विश्वास असता तर मी अंजना कशाला झाले असते. मी रोज कामावरून येताना भिंतीपुढून चक्कर मारायचे. पाळीच्या खालची जागा रिकामी होती, मग हिरवी झाली, मग तिथं एक दांडगं झाड उभं राहिलं. बेहड्याचं. आमच्या घराच्या बरोबर जागेवर. मनातून बरं वाटलं. मग झाडाखाली एक लाकूड आडवं दिसलं.

“हे काय व्हय?” मी विचारलं.

“झाड आहे तर खाली लाकूड पडणारच ना, ताई,” ती न बघताच म्हणाली.

तेही खरं होतं. भिंतीवर ती जागा उंचावर होती, मला खालून लाकूड ते लाकूडच दिसलं. मी गेले.

चित्र पुरं झालं त्या दिवशी शिरा केला होता. सगळा गाव भिंतीपुढे. जो तो आपलं दार शोधत होता, बोट लावत होता, पाहुण्याला ओढून आणून दाखवत होता. ‘हे आमचं, हे आमचं.’ माझ्यासमोर सगळं माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला रडू यायला लागलं. खरंच सांगते. आख्ख्या गावात बोट लावायला जागा नव्हती ती फक्त आम्हाला. देवीदास माझ्या बाजूला उभा राहून त्या बेहड्याकडे बघत होता.  तो बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. स्नेहल निघताना माझ्याकडे आली आणि एका चिठोऱ्यावर फोन नंबर लिहून दिला. म्हणाली, पुढचं काम देवरीकडे आहे, कधी वाटलं तर फोन करा. मला कशाला वाटेल, असं मी म्हटलं. पण चिठोरं फेकलं नाही.

मग तो वनहक्काचा कायदा आला. म्हणजे आला आधीच होता, आमच्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. जंगलाच्या जागेवर जे पिढ्यांपासून राहतात त्यांना ती जागा नावावर करून मिळणार. आदिवासींना एक रीत, आमच्यासारख्यांना दुसरी. आम्ही तीन पिढ्या तिथंच राहत आलो हे दाखवायचं. कसं दाखवणार? गुपचूप राहायचं म्हणून आम्ही तीन पिढ्यांत एकही खूण मागे ठेवली नव्हती. देवीदास मात्र हट्टाला पेटला. “आता लपून राहिलो तं जनमभर लपाच लागंल,” म्हणाला, आणि अर्ज करून आला. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. मी आयुष्यभर जे झाकलं ते त्यानं उघडं करून ठेवलं होतं. आता जागा मिळेल, नाहीतर जाईल. मधलं काही उरलं नव्हतं.

तपासणीला साहेब आले ते २०१०च्या उन्हाळ्याच्या आधी. सभा समाजमंदिराच्या आंगणात. गावच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष दुधरामजी. साहेब बाहेरचे, त्यांना गावातलं काही ठाऊक नाही. त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हे कुणी काढलं?”

“गावानं, सव्वा वर्स झालं,” दुधरामजी छाती काढून म्हणाले. “बाई बाहेरची, पन सांगतलन गावानं. एकूनएक घर हाये साहेब. ही भित्त खोटं नाई बोलत.”

साहेबांचं काम सोपं झालं. गावातल्या बऱ्याच जणांची शेतं जंगलाच्या जागेत, त्यांचेही अर्ज होते. ज्याचं नाव पुकारलं तो उठायचा, भिंतीवर आपलं दार दाखवायचा, साहेब मान हलवायचे. देवीदासचं नाव आलं. तो उठला. भिंतीकडे गेला नाही. जाऊन दाखवणार काय?

“तुमचं कुठलं?”

“पारीच्या खाली,” देवीदास म्हणाला.

साहेबांनी पाळ शोधली, मग खाली पाहिलं. “इथं तर झाड आहे.”

“घर हाये साहेब. तीन पिढ्या झाल्या,” मी उभी राहून म्हटलं. “मीच नको म्हनलो होतो काढाले.”

“का बरं नको म्हणालात?”

काय सांगू? तुमच्यासारखे येतील म्हणून?  साहेब सौम्य माणूस होता, आवाज चढवला नाही, पण चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. ते माझंच होतं. तोच संशय, जो मी सगळ्या जगावर घेते, आज समोरून माझ्याकडे बघत होता. “म्हणजे सव्वा वर्षापूर्वी गावानं सगळी घरं सांगितली आणि हे एकच सांगितलं नाही,” ते म्हणाले. “नंतर बांधलेलं असेल तर तसं सांगा. दुधरामजी, तुमचं काय म्हणणं?”

दुधरामजींनी घसा साफ केला. पाळीखालची ती पट्टी त्यांच्या गुरांना तलावावर न्यायला सोयीची आहे. “आता भित्तीवर तं झाड हाये, साहेब,” ते म्हणाले, आणि खाली बघू लागले. मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. मी माझ्यापरीनं ओळखलं.

मी सभेवरून नजर फिरवली. सगळे ओळखीचे. माझ्या आंगणातली मोहफुलं ज्यांनी नेली, माझ्या सासूच्या मातीला जे आले, ते सगळे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले होते. प्रत्येकाला भीती, की दुसऱ्यासाठी तोंड उघडलं तर साहेब आपलं दार पुन्हा तपासतील. मला त्यांचा राग आला आणि मला ते पूर्ण समजलेही. त्यांच्या जागी असते तर मीही अंगठ्यानं माती उकरली असती.

साहेबांनी पेन उघडला.

“थांबा ना गा साहेब,” मागून यशोदाबाई म्हणाल्या. त्या दुधरामजींच्या भावकीतल्या, वयानं त्यांच्याहून मोठ्या. गुडघ्यावर हात टेकत उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि मान वर करून त्या बेहड्याकडे पाहत राहिल्या. “हे लाकूड नोय. हे तं ढेकी व्हय.”

सगळे उठले. मीही. जवळ जाऊन, टाचा उंचावून पाहिलं तेव्हा मला दिसलं. आडवा दांडा. एका टोकाला मुसळ, मुसळाखाली दगडी उखळाची कड. दोन खुंटे. आणि दुसऱ्या टोकावर, पाय ठेवायच्या जागी, लाकडात तळव्याच्या आकाराचा काळसर खळगा. बोटभर चित्र, पण खळगा काढायला ती विसरली नव्हती.

“जंगलात ढेकी?” साहेब म्हणाले.

“जंगलात कोन कांडते, साहेब? घर हाये तिथं. माहं लगन झालं त्या वर्सी मी याच ढेकीवर धान नेत होतो. याच्या आजीसंग कांडत होतो.” त्यांनी देवीदासकडे बोट केलं. “आमच्या घरी मी सांगो, का मी बहिनीकडून कांडून आनलं. या लोकाइच्या दारातून आनलं म्हनलं असतं तं सासूनं तांदूर फेकून देल्ला असता, अन् मले बी.” मग दुधरामजींकडे वळून म्हणाल्या, “तू बी तोच भात खाल्ला, दुधराम. लहान होता. वाडगं चाटत होता.”

कुणीतरी फसकन हसलं. दुधरामजी हसले नाहीत, पण त्यांची मान हळूहळू होकारार्थी हलली. “हाव,” ते म्हणाले. “ढेकी जुनीच हाये.” त्यानंतर सगळ्यांनाच एकदम आठवायला लागलं. कुणाच्या आईनं तिथं पोहे कांडले होते, कुणाचं बोट चेंगरलं होतं.

साहेब पाळ उतरून आमच्याकडे आले, मागे आख्खं गाव. त्यांनी कोंबड्या हाकलल्या, खुंटे हलवून पाहिले, ते हलले नाहीत. मग बूट काढून त्या खळग्यात पाय ठेवला. पाय बरोबर बसला. मुसळ कुरकुरत वर गेलं आणि खाली आपटलं. “तीन पिढ्या,” ते म्हणाले, आणि उभ्या उभ्याच लिहिलं.

लोक पांगल्यावर मी आतून चिठोरं काढलं. देवीदासच्या मोबाइलवरून फोन लावला. तिनं आवाज ओळखला.

“तू शब्द देल्ला होता,” मी म्हटलं. “माह्या दारातलं काई काढाचं नाई म्हनून.”

 ती म्हणाली, “हो ताई. मोडला मी.”

“कायले मोडला?”

“तो खळगा पाहिल्यावर नाही राहवलं. सगळं गाव भिंतीवर, आणि तेवढ्या पायांचं काहीच नाही, असं कसं सोडू? तुम्ही रागवाल माहीत होतं. काही झालं का ताई? पुसून टाकू येऊन?”

 पहिल्या दिवसापासून मी म्हणत होते की ही पोरगी सांगते एक आणि करते दुसरं. माझंच खरं निघालं होतं. तिनं शब्द पाळला असता तर आज माझं घर गेलं असतं.

“ढेकी नको पुसू,” मी म्हटलं. “तो बेहडा पुस. तिथं घर पायजे.”

  ती म्हणाली, “रंग आहे ताई. कवेलूंचा आणि मातीचा. गावातली घरं रंगवली ना, तेव्हाच तुमच्या घरापुरता डब्यात काढून ठेवला होता.”

डबा कुठं ठेवला, कुणाला विचारून ठेवला, मी एक दिवस हे म्हणेन हे तिला कसं कळलं, यातलं मी काहीच विचारलं नाही.

“ये मंग,” मी म्हटलं. “सकारीच ये. जेवाले इथंच राहाचं.”